कराची बंदराच्या त्या बातमीची दुरुस्ती अजून दाखवलेली नाही

प्रति,
मुख्य संपादक आणि तक्रार निवारण अधिकारी

विषय : तुमच्या वाहिनीने 8 मे 2025 च्या रात्री दाखवलेली कराची बंदराची खोटी बातमी, न झालेली दुरुस्ती आणि तुमच्या कार्यालयाने दिलेली वागणूक

महोदय,

तुमच्या संपादकीय विभागातल्या गृहस्थांनी आत्ताच माझा फोन ठेवला. ‘तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत ना? मग झालं तर,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य. म्हणून हे पत्र. आधीच्या ईमेलना उत्तर नाही. तुमच्या ॲपवर केलेल्या तक्रारीपुढे ‘निकाली’ असा शब्द दिसतो. निकाल काय लागला, हे तुमच्याकडे एकालाही सांगता येत नाही.

त्या रात्री तुम्ही काय दाखवलंत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी लिहिते, कारण फोनवर प्रत्येकजण ‘कोणती बातमी, मॅडम?’ असं विचारत होता. आपल्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेने कराची बंदरावर हल्ला केला, बंदर उद्ध्वस्त झालं, आगीचे लोळ, खाली लाल पट्टी, मागे भोंगा. ‘एकाहत्तरची पुनरावृत्ती, विक्रांत पुन्हा कराचीवर’ ही ओळ तर तासन्‌तास हलली नाही. मधूनच इस्लामाबाद पडलं, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाली. निवेदक उभे राहून ओरडत होते. यातली एकही गोष्ट घडली नव्हती.

आमचं नौदलाचं घर आहे. सासरे नौदलात होते, मुलगा आहे. मुलगा कोणत्या जहाजावर आहे, ते मी इथे लिहिणार नाही. जहाज कुठे आहे हे बोलायचं नसतं, लिहायचं नसतं, एवढी शिस्त आमच्या घरातल्या शाळकरी पोरांनाही आहे. त्याच दिवसांत कोचीच्या नौदल तळावर कुणीतरी पंतप्रधान कार्यालयाचं नाव सांगून फोन केला आणि विक्रांत कुठे आहे असं विचारलं. पोलिसांनी त्याला शोधून अटक केली. आणि तुम्ही तीच विक्रांत नकाशावर बाण काढून, तिच्या पुढच्या वाटेसकट, घराघरात दाखवत होतात. नकाशा खोटा होता म्हणून वाचलो, नाहीतर काय झालं असतं याचा विचार तुमच्या इमारतीत एकाने तरी केला का?

नेव्हीच्या घरात युद्धाच्या रात्री काय होतं, ते सांगते. जहाज समुद्रात असलं की फोन लागत नाही. ते आम्हाला सवयीचं आहे, त्याची तक्रार नाही. पण तुम्ही जेव्हा म्हणता की जहाजांनी हल्ला सुरू केला, तेव्हा आई दुसऱ्याच क्षणी हे धरून चालते की समोरूनही काहीतरी सुटलं असणार. हल्ला एका बाजूने होत नसतो. रात्री अकरानंतर शेजारच्या बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘तुजो झील थंयच आसा मां?’ म्हणजे तुझा मुलगा तिथेच आहे ना? त्यांचं चुकलं नाही, त्यांनी तुमचीच वाहिनी बघितली होती. माझी सून दुसऱ्या शहरात, बाळंतपणाला माहेरी. तिच्या आईने तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला. त्या रात्री आम्ही कुणी झोपलो नाही आणि सकाळपर्यंत तुमच्या पडद्यावर कराची जळतच होतं.

मग 11 मे आला. तिन्ही दलांच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी शांतपणे सांगितलं की नौदल पुढे तैनात होतं, आणि समुद्रातल्या व जमिनीवरच्या निवडक लक्ष्यांवर, कराचीसकट, आपण ठरवू त्या वेळी मारा करायला पूर्ण सज्ज होतं. सज्ज होतं! म्हणजे मारा केलेला नव्हता. ज्यांनी तो करायचा, त्यांच्याच तोंडून हे आलं. तुम्ही ती पत्रकार परिषद थेट दाखवली, मी तुमच्याच वाहिनीवर बघितली. ती संपल्यावर तुमच्या निवेदकाने एक वाक्य बोलायला हवं होतं : ‘8 तारखेच्या रात्री आम्ही दाखवलेली बातमी खोटी होती.’ त्याऐवजी जाहिरात लागली.

एकाहत्तरबद्दलही सांगते, कारण त्या ओळीने आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खरंच यातना झाल्या. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी. चार दिवसांनी विनाश गेली. त्या वेळची विक्रांत तर बंगालच्या उपसागरात होती, चितगाव आणि कॉक्स बाजारच्या बाजूला. 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो तो या रात्रीसाठी. 2023 साली तो आमच्या मालवणात झाला तेव्हा तुमच्या वार्ताहरांनी दिवसभर किनाऱ्यावर उभं राहून हेच सांगितलं होतं. दीड वर्षात तुमचं कार्यालय ते विसरलं? सासरे पडद्याकडे बोट दाखवून ‘खोटा, खोटा’ एवढंच म्हणत राहिले. लहान नौका घेऊन गेलेल्या माणसांचं श्रेय एका रात्रीत तुम्ही दुसऱ्याच जहाजाला देऊन टाकलंत, आणि तेसुद्धा न झालेल्या हल्ल्याच्या निमित्ताने.

आता फोनबद्दल. आधी ग्राहक सेवा. त्या मुलाने नाव, मोबाइल नंबर, ॲपच्या वर्गणीचा तपशील, सगळं घेतलं आणि ‘आपल्याला पॅक बदलायचा आहे का?’ असं विचारलं. मी म्हटलं, बातमी खोटी होती, दुरुस्ती हवी आहे. तो म्हणाला, ‘त्यासाठी ऑप्शन नाही, मॅडम.’ त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या यादीत तो पर्याय कुणी ठेवला नाही, हा दोष तुमचा. ज्या कंपनीला रोज शेकडो बातम्या द्यायच्या आहेत तिच्या तक्रार खिडकीत ‘बातमी चुकीची आहे’ हा पर्यायच नसावा?

मग बऱ्याच विनवण्यांनंतर संपादकीय विभागातल्या गृहस्थांकडे फोन गेला. नाव विचारलं, सांगितलं नाही. आमचं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते तुम्ही वाचायला हवं.

ते म्हणाले, ‘ही बातमी त्या रात्री सगळ्यांनीच दाखवली होती.’ मी म्हटलं, मी सगळ्यांची वर्गणी भरत नाही, तुमची भरते. ते म्हणाले, ‘आम्ही सूत्रांच्या माहितीनुसार असं लिहिलं होतं.’ मी विचारलं, कोणती सूत्रं? ‘सूत्रं सांगता येत नाहीत.’ ठीक. मग आगीच्या त्या चित्रफितीचं सूत्र कोणतं? त्या वेळी कराचीच्या नावाने फिरणाऱ्या फितींमध्ये जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झालेल्या विमान अपघाताची फीत होती, व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती. सरकारचं पत्र सूचना कार्यालय रोज फॅक्ट चेक काढून खोट्या चित्रफिती ओळखून देत होतं. तुम्ही एकदा तरी पडताळलं का? ते म्हणाले, ‘ती प्रातिनिधिक दृश्यं होती.’ पडद्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हाला आपण जिंकलेलं आवडलं नाही का?’

महोदय, माझा मुलगा वर्दीत आहे. हा प्रश्न मला विचारला गेला. तुमच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाने, समुद्रावर असलेल्या मुलाच्या आईला विचारला. मी त्यांना हेही सांगितलं, आवाज न चढवता. तेव्हा ते म्हणाले, ‘मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा. लोकांचं मनोबल वाढवायचं असतं अशा वेळी.’ मी म्हटलं, मनोबल खोट्याने वाढत नाही, आणि आमच्या घरचं तर त्या रात्री गेलंच. तेव्हा तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत ना, मग झालं तर. आणि फोन ठेवला.

नाही झालं. मुलगा सुखरूप आहे तो नौदलामुळे. तुमच्या बातमीचा हिशेब त्याने फिटत नाही.

मनोबलाचंच म्हणता तर 7 मेच्या पहाटे आपल्या सैन्याने नऊ ठिकाणी हल्ले केले, ते खरे होते. त्याआधी पहलगामला दहशतवादी हल्ल्यात 26 माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. त्यांच्या घरच्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल, त्यासाठी कुणाला काही रचायची गरज नव्हती. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग पडद्यावर येऊन एकेक शब्द मोजून बोलत होत्या. जे झालं तेवढंच, पुरावा आहे तेवढंच. त्यांच्या त्या मोजलेल्या बोलण्याला जगात किंमत होती, आणि तुम्ही लगेच पुढच्या तासाला ती घालवत होतात. पलीकडच्या देशाने आपल्या वाहिन्यांच्या क्लिपा दाखवून आपली टर उडवली. त्या क्लिपा आपल्या घरातून गेल्या होत्या. याला देशप्रेम म्हणायचं?

जम्मू-काश्मीरच्या पूंछमध्ये तोफगोळ्याने मेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी म्हणून दाखवलं. पाकिस्तानच्या तोफांनी मारलेला आपला नागरिक. पूंछ पोलिसांना निवेदन काढून ते खोटं असल्याचं सांगावं लागलं, आणि पुढे तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्या घरातल्या मुलांनी बाप गमावल्याच्या दिवशी काय बघितलं असेल? कराचीच्या बातमीत निदान कुणाचं नाव नव्हतं, म्हणून ती विसरायची, असं तुम्हाला वाटत असेल तर त्या घराकडे बघा.

आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले, तेव्हा त्याला धर्माचा रंग देण्यात आला. राज्याच्या त्या वेळच्या गृहमंत्र्यांना, अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. रंग देणारे तासभर ओरडले, यादी मात्र पट्टीवर धावून गेली.

चूक होते. युद्धाच्या रात्री तर होतेच, हे मला मान्य आहे. माझी तक्रार दुरुस्तीची आहे. तुमच्याच क्षेत्राच्या आचारसंहितेत लिहिलंय की मोठी चूक झाली तर ती पडद्यावर ताबडतोब मान्य करून सुधारायची, आणि ती सुधारणा प्रेक्षकांच्या नजरेत भरेल अशी दाखवायची, लपवायची नाही. तुम्ही काय केलंत? यूट्यूबवरची ती क्लिप गुपचूप काढलीत. लिंक उघडली की ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’. म्हणजे चूक झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि सांगायचं नाही, हे जास्त वाईट. इतर एक-दोन वाहिन्यांनी निदान दिलगिरीचे चार शब्द तरी उच्चारले. तुमच्याकडून तेही नाहीत.

तो भोंगा तर वेगळाच अपराध. नागरी संरक्षण महासंचालनालयाला 10 मे रोजी वाहिन्यांना लेखी सांगावं लागलं की हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमात वापरू नका, लोक तो ऐकायचे बंद होतील. जम्मूतल्या, पंजाबातल्या लोकांचा जीव ज्या आवाजावर अवलंबून होता तो तुम्ही पार्श्वसंगीत म्हणून वाजवलात. संरक्षण कारवायांचं थेट वार्तांकन करू नका, असं माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने 26 एप्रिललाच बजावलं होतं, कारगिल, कंदाहार आणि 26/11 ची आठवण देऊन. 26/11 काय होतं हे मुंबईत कार्यालय असलेल्या वाहिनीला दिल्लीने सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

आमच्या घरात तुमची वाहिनी सुरुवातीपासून लागते. कोकणातला पूर, कोविडमधल्या खाटा, एसटीचा संप, तुमच्या वार्ताहरांनी जीव तोडून काम केलेलं मी बघितलंय. म्हणून इतकं लिहिते आहे. ज्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती त्यांना मी पत्र लिहीत बसले नसते.

आता मागणी. ज्या वेळी ती बातमी दाखवली त्याच वेळी, रात्री, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, निवेदकाच्या तोंडून दुरुस्ती आणि माफी. पट्टीवर नको, पहाटे पाचला नको. यूट्यूबवर आणि ॲपवर तीच दुरुस्ती, काढता येणार नाही अशी. आणि ज्या गृहस्थांनी मला तो प्रश्न विचारला, त्यांच्याकडून लेखी खुलासा.

2021 च्या केबल टेलिव्हिजन नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो. माझ्या आधीच्या तक्रारींना यातलं काही मिळालेलं नाही. रेकॉर्डिंग 90 दिवस ठेवायचं असतं आणि माझी पहिली तक्रार त्या मुदतीतली आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग नाही असं उत्तर मी स्वीकारणार नाही. 15 दिवसांत निर्णय आला नाही तर अपील घेऊन मी तुमच्या स्वनियमन संस्थेकडे जाईन, तिथून पुढे मंत्रालयाच्या समितीकडे. स्वनियमन संस्थेचा दंड ऑगस्ट 2023 मध्ये फार तर 1 लाख रुपये होता आणि तो अपुरा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच म्हटलंय, त्यामुळे तुम्हाला त्याची भीती वाटत नसेल. मला दंड नकोच आहे. मला ती दुरुस्ती पडद्यावर हवी आहे.

ॲपची वर्गणी मी आज बंद केली आहे. उरलेल्या मुदतीचे पैसे परत करू नका, त्यातून ती दुरुस्ती दाखवा. या पत्राची प्रत आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या आणि नौसैनिकांच्या घरी जाणार आहे. त्यातल्या बऱ्याच घरांत तुमचीच वाहिनी लागते. दुरुस्ती दिसेपर्यंत ती लागू नये, असं मी प्रत्येकाला स्वतः सांगणार आहे.

आपली,
एका नौसैनिकाची आई
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग

सोबत : ॲपवरील तक्रारीची नोंद, पाठवलेल्या ईमेलच्या प्रती, त्या रात्रीच्या पडद्याची छायाचित्रे