अडवणारा 'लेट' आणि फिरवलेला शब्दकोश

सर,

सादर नमस्कार.

परवा नवा पासपोर्ट हातात आला. आत 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' हे शब्द दिसले आणि उभ्या उभ्या तुमची आठवण झाली.

'लेट' म्हणजे करू देणे, जाऊ देणे. मग 'लेटशिवाय जाऊ द्या' हे काय गौडबंगाल? शिकत असताना हाच प्रश्न तुमच्या आधी मी दोघांना विचारला होता. एकजण छपाईची चूक म्हणून मोकळे झाले. दुसऱ्यांनी भर वर्गात 'एवढं डोकं परीक्षेत चालव' म्हणून खाली बसवलं. पोरं हसली. पुढे कितीतरी दिवस माझा हात वर गेला नाही.

तुम्ही म्हणालात, "मलाही नक्की माहीत नाही. बघूया." कपाटातला जाडजूड शब्दकोश काढलात, पान शोधलंत आणि तो माझ्याकडे फिरवलात. मला सुलट दिसावं म्हणून तुम्ही समोरून उलटी अक्षरं वाचत बसलात, चष्मा सावरत. सर, मला खरं मिळालं ते तिथेच. विद्वान पुष्कळ भेटले, पण पोरासाठी पुस्तक फिरवणारा दुसरा कुणी भेटला नाही.

मग कळलं की 'लेट' एक नाही, दोन आहेत. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' म्हणजे सोडणे, राहू देणे. घर भाड्याने देण्याचा 'टू लेट' याच घरातला. दुसरा 'लेट्टन', म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. उच्चार झिजत झिजत दोघांचं रूप एक झालं. शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट बापाच्या भुतामागे निघतो, मित्र त्याला धरतात, तेव्हा 'मला लेट करेल त्याचंच भूत करीन' असं तो धमकावतो ते या दुसऱ्या अर्थाने. १६११ च्या इंग्रजी बायबलातही हा अडवणारा 'लेट' आहे. आता तो उरलाय पासपोर्टसारख्या कायदेशीर भाषेत, आणि टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून योग्य चौकटीत पडला की पंच पुकारतात त्या 'लेट'मध्ये.

मी म्हटलं, आपणही दुकान बंद करताना 'वाढवलं' म्हणतोच की. तुम्ही खूश झालात, पण सोडलं नाहीत: "तिथे अशुभ टाळायला एकाच शब्दाला वळवलंय. इथे मुळात क्रियापदंच दोन." आणि गंमत म्हणजे खणत खणत पार तळाशी गेलं तर दोघांचं मूळ पुन्हा एकच, सैल सोडण्याचं. अडवणाऱ्या 'लेट'चा सख्खा भाऊ म्हणजे उशिराचा 'लेट'. देवनागरीत आपण तिन्ही सारखेच लिहितो. त्यासाठी मार्क कापले जायचे ते आठवून अजून हसू येतं.

एक शंका मात्र राहिलीय. 'अलाउ'नंतर 'टू' लागतो, मग 'लेट'ला का चालत नाही? पुढच्या रविवारी येतो. शब्दकोश काढून ठेवा. या वेळी उलटं मी वाचेन.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा