दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी

सेर्जी, फ्रान्स
एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबांना चित्राचं काही सांगायला घेतलं की नेमका दूधवाला येतो, नाहीतर आई 'जेवलीस का' विचारते आणि विषय तिथंच संपतो. शिवाय बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "आता कसले रंग, सगळं माळ्यावर टाकलंय." ते मला चांगलंच झोंबलं. आई, हे तूच वाचून दाखव. त्यांना डोळे ताणू देऊ नकोस.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून गेले होते. मूळचं हे रेल्वे स्टेशन. पाचव्या मजल्यावर त्या मोठ्या घड्याळामागच्या दालनांत इम्प्रेशनिस्ट मंडळी आहेत, म्हणजे बदलता उजेड सुट्या फटकाऱ्यांनी पकडणारे चित्रकार. मोनेसमोर जत्रा, व्हॅन गॉगसमोर तर फोन उंच धरलेले हातच दिसतात. मी गेले होते कामीय पिसारोसाठी, आणि तिथं निवांत उभं राहता आलं. चित्राचं नाव 'परसबाग आणि फुललेली झाडं, वसंत, पोंत्वाझ'. साल १८७७, कॅनव्हासवर तैलरंग, ६५.५ बाय ८१ सेंटीमीटर. पोंत्वाझ म्हणजे आमच्या सेर्जीला लागून असलेलं जुनं गाव. पिसारो तिथं दहाएक वर्षं राहिला.

आता चित्र सांगते. पुढे भाजीचे वाफे, मध्ये पांढऱ्या फुलांनी डवरलेली फळझाडं, त्यांच्या आडून डोकावणारी घरांची छपरं, मागे टेकडी आणि वर निळं आभाळ. बस. माणूस नाही, नदी नाही, सूर्यास्त नाही. पण जवळ गेल्यावर त्या पांढऱ्याचा खेळ कळतो. रंग इतका जाड लावलाय की फुलांचा थर कॅनव्हासवरून वर उठलाय आणि संग्रहालयाचा उजेड त्याच्या कडांवर अडकतो. आणि तो नुसता पांढरा नाहीच. कुठे सायीसारखा, कुठे किंचित गुलाबी, सावलीकडे निळसर. सावलीत काळा कुठेच नाही, बाबा. तुम्ही एलिमेंटरीच्या पोरांना ओरडायचात ना, "काळ्याच्या बाटलीला हात लावाल तर बघा," त्याची आठवण झाली. चार पावलं मागे आलं की ते सगळे ठिपके आणि फटकारे एकदम झाड होतात. मोहोर धरलेल्या आंब्याकडे लांबून पाहिलं की पानं कुठं संपली आणि मोहोर कुठं सुरू झाला ते कळत नाही, तसंच.

मला विचाराल तर वसंताची चित्रं बहुतेक वेळा गोडमिट्ट होतात. हे होत नाही, याचं श्रेय त्या पुढच्या वाफ्यांना. झाड फुललंय ते कुणाच्या कौतुकासाठी नाही, खाली कुणालातरी निंदायचंय, पाणी घालायचंय. आई, तुला हे चित्र आवडेल. तू आधी वाफ्यात काय लावलंय तेच बघशील. पिसारो कोबीची शेतंही रंगवायचा आणि त्यावरून टीकाकार त्याची टर उडवायचे. त्यांच्या मते कोबी हा काही चित्राचा विषय नव्हे. त्याच्या घरी मात्र तो पोटाचा विषय होता. बायको ज्युली भाजी लावायची, कोंबड्या आणि ससे पाळायची, त्यावर पोरांची पोटं भरायची. एकूण आठ मुलं झाली त्यांना. ही ज्युली मूळची पिसारोच्या आईकडे कामाला होती, त्यामुळे सासूबाईंनी तिला कधी मनापासून सून मानलं नाही. तरी संसार उभा राहिला तो तिच्याच जिवावर, असं माझं मत. बाबा मान हलवतील, पण आईला पटेल.

माणूस मूळचा फ्रान्सचा नव्हेच. १८३० साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर जन्मला. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि पिसारो शेवटपर्यंत डॅनिश नागरिकच राहिला. घर पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू कुळाचं, वडिलांचं दुकान. शाळेला पॅरिसजवळ पाठवलं, सतराव्या वर्षी परत बोलावून दुकानात बसवलं. बाविसाव्या वर्षी एका डॅनिश चित्रकाराबरोबर तो सरळ व्हेनेझुएलाला निघून गेला. आजोबांनी तुम्हाला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं आणि तुम्ही पावतीपुस्तकाच्या मागे रंकाळा काढत बसलात, तोच प्रकार. फक्त तुम्ही बोटीनं पळाला नाहीत. १८५५ मध्ये पिसारो पॅरिसला आला तो कायमचा.

पुढचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. १८७० ला प्रशियाशी लढाई सुरू झाली, तो कुटुंब घेऊन लंडनला गेला. मागे घरात प्रशियन सैनिक राहिले. त्यांनी चिखल चुकवायला त्याचे कॅनव्हास पायाखाली अंथरले. वीस वर्षांचं काम, त्यातली मोजकी चित्रं उरली. परत येऊन त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. १८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, रन्वार, देगा यांच्यासह पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, आणि त्याच एप्रिलमध्ये आठ-नऊ वर्षांची लेक मिनेत गेली. प्रदर्शनावर लुई लरुआ नावाच्या टीकाकारानं लिहिलं की पिसारोचं दवानं पांढरं झालेलं शेत म्हणजे मळक्या कॅनव्हासवर पॅलेट खरवडलंय. अशी एकूण आठ प्रदर्शनं झाली, शेवटचं १८८६ मध्ये. आठही वेळा ज्याची चित्रं होती असा एकटा पिसारो.

परसबागेचं चित्र पहिल्या प्रदर्शनानंतर तीन वर्षांनी आलं. त्याच वसंतात त्याच बागेचं चित्र त्याचा चित्रकार मित्र सेझाननंही काढलं. सेझानची झाडं विरळ, घरं ठोकळ्यांसारखी पक्की. पिसारोकडे नुसता फुलांचा दंगा. एकच बाग, पण दोघांनी काय वेगवेगळं पाहिलं! सेझान कुणाचंच ऐकणारा माणूस नव्हता, पण म्हातारपणी, १९०६ च्या प्रदर्शनाच्या यादीत, स्वतःच्या नावापुढे त्यानं 'पिसारोचा शिष्य' असं लिहवलं. बाबा, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी जो आज फ्लेक्स छापतो, तोही तुमचं नाव सांगतो हं.

पिसारोचं हे चित्र विकत घेतलं होतं ग्युस्ताव्ह काईबोतनं. स्वतः चित्रकार, घरचा पैसेवाला, अडलेल्या मित्रांची चित्रं घ्यायचा. १८९४ मध्ये तो वारला तेव्हा सगळा संग्रह सरकारला ठेवून गेला. सरकारनं आढेवेढे घेत काही चित्रं ठेवली, उरलेली नाकारली. आज त्या संग्रहातल्या चित्रांसाठी लोक रांगा लावतात.

आता मुद्द्याचं. साठीच्या आसपास पिसारोच्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रुपिशवीला सारखा संसर्ग व्हायला लागला. वारा आणि धूळ वर्ज्य. आयुष्यभर शेतात इझल रोवून उभा राहिलेला माणूस. त्यानं काय करावं? एरान्यी गावात मोनेकडून उसने पैसे घेऊन घर विकत घेतलं (मागायला ज्युलीच गेली होती), तिथल्या धान्याच्या कोठीची चित्रशाळा केली आणि खिडकीतून बाग रंगवली. रुआँमध्ये, पॅरिसमध्ये हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या. १८९७ मध्ये एकाच खिडकीतून मोंमार्त्र बुलेव्हार या पॅरिसच्या रुंद रस्त्याची डझनभराहून जास्त चित्रं काढली. पाऊस, धुकं, रात्र, वसंतातली सकाळ. १९०३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी गेला, तोवर चालूच होतं. लंडनला राहणाऱ्या ल्यूसियें या थोरल्या मुलाला तो सतत पत्रं लिहायचा. त्यात रंग, हवा, पैशाची ओढाताण, सगळं असायचं. आपल्याकडे उलटं आहे, पत्र लेकीला लिहावं लागतंय.

बाबा, तुम्ही म्हणता ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं सगळं निळसर दिसतं, म्हणून रंगांचा भरवसा राहिला नाही. त्यात बिघडलेलं काही नाही. मोतीबिंदूनं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. भिंग बदललं की अडवलेला निळा परत आत येतो. मोनेचंही १९२३ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यालाही सगळं फार निळं दिसायला लागलं होतं. म्हणजे सध्या तुमच्याकडे दोन चित्रकार आहेत, डावा पिवळा आणि उजवा निळा. जूनमध्ये डावा डोळा झाला की हा फरक कायमचा गेला.

तेव्हा माळ्यावरचा डबा काढा. तुम्ही नाही हं, शेजारच्या पोराला चढवा. रंकाळ्यावर जायचं नाही, धूळ आहे. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून आईची मेथी, तो शेवगा आणि पलीकडची कौलं, एवढंच काढा. एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. कागद एकच मापाचा, वेळ सकाळचीच. अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, घड्याळ आईकडे.

आणि एक विचारायचंय. पिसारोनं ओल्या हिरव्यावर इतका जाड पांढरा लावूनही तो मळला कसा नाही? थर वाळू देऊन लावला असेल, की ब्रश प्रत्येक फटक्याला पुसला असेल? तुमचं काय मत?

आई, डोळ्यांचे थेंब दिवसातून किती वेळा ते कॅलेंडरवर लिहून ठेव आणि मला कळव. गोडा मसाला संपला नाही, काळजी करू नकोस. दोन्ही चित्रांचे फोटो गॅलरीतच, दिवसाउजेडी काढायचे. आत ट्यूबलाइटखाली काढले तर निळ्या-पिवळ्यातला फरक मला दिसायचा नाही.

तुमची,
मनू