आजोबांचा वस्तरा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचा वस्तरा तयार झाला. फोटो मुद्दाम पाठवत नाही, दिवाळीला आलास की हातात घेऊनच बघ.

पेटीतून काढला तेव्हा पातं मुठीत जिथे मिटतं, नेमकं तिथेच गंजलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, आजोबा दाढी झाल्यावर नीट पुसत नसतील. तसं नव्हतं. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची. ते जुनं झालं की कुजतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्याला खाते. पुसून काय होणार! मूठ हातात धरली तर पापडासारखी तडकली.

नवी मूठ शिसवाच्या गाठीची केली. झाडाला इजा झाली की खोडावर टेंगूळ येतं ना, ते. आतल्या रेषा सरळ जात नाहीत, भोवरे घेतात. वखारवाल्याने ती जळणात टाकली होती. मी मागितल्याबरोबर भाव सांगायला लागला. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या काढल्या. असल्या लाकडात बारीक भोकं असतात. त्यांत त्याच लाकडाचा भुसा दाबून फेविक्विकचा थेंब सोडायचा, मग पॉलिश पेपर. जवसाच्या तेलाचा पहिला हात फिरवला आणि तुझ्या आईला हाक मारली. म्हणाली, "गुळाचा पाक सांडल्यासारखं दिसतंय." खरंच तसं दिसतं.

पहिली जोडी मात्र फुकट गेली. पट्ट्या जोडायला भोकातून पितळी तार घालून तिचं टोक ठोकून पसरवायचं असतं. मी भिंतीत खिळा मारावा तसं मारलं, पट्टी भोकापासून चिरली. दुसऱ्यांदा लहान हातोडीने नुसत्या टिचक्या मारत बसलो.

धारेला दोन संध्याकाळी लागल्या, कारण मधोमध खाच होती. ती मी पाडलेली. चौथीत असताना पेन्सिलीला टोक काढायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी आजोबांना दाढी करताना कापलं. त्यांनी पातं उजेडात धरलं, पुसलं, मिटलं. आम्हा तिघा भावंडांपैकी कोणाला एका शब्दाने विचारलं नाही. पुढे सेफ्टी रेझर आणला. मीही कधी बोललो नाही. आज तुला सांगतोय.

खाच निघेपर्यंत १००० नंबरच्या दगडावर घासला, मग ३०००, मग ८०००; नंबर मोठा तितका दगड बारीक. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवली की कोन आपोआप जमतो. रोज वापरण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर पलाटायचा, पाठ पुढे आणि धार मागे. उलटं केलंस तर पट्टा कापशील.

गंजाचे दोन खड्डे तसेच ठेवलेत. घासत बसलो असतो तर पात्यावरचं 'सोलिंगन' हे गावाचं नाव गेलं असतं. त्या गावात न बनलेल्या मालावर हे नाव घालायला जर्मनीत १९३८ पासून कायद्यानेच बंदी आहे. डुसेलडॉर्फला राहून तू अजून ते गाव बघितलं नाहीस, कमाल आहे!

परत जाताना विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, काढून घेतील. आणि पहिल्या दिवशी नुसते गाल कर, हनुवटीची घाई नको.

तुझा,
बाबा