त्या अर्ध्या गुणाचा हिशेब

सदाशिव पेठ, पुणे
१२ जुलै

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

चार दिवस पावसाची झड लागली आहे, टेकडीवर जाणं बंद. म्हणून रोज संध्याकाळी गोचा, म्हणजे सोंगट्यांनी रिकामी घरं वेढून गुण मिळवायच्या त्या खेळाचा, पट काढतो. तोच, पुठ्ठ्यावर आखलेला, रविवार पेठेतून आणलेल्या काळ्या-पांढऱ्या बटणांचा. तू जायच्या आदल्या रात्रीचा डाव पुन्हा मांडला. मी पांढरा, तू काळा. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे वरचे साडेसहा गुण धरूनही मी अर्ध्या गुणाने हरलो होतो. का, ते काल उमगलं.

शेवटी तुझ्या बटणांमधले दोन बोळ, म्हणजे एकाच टोकाला उघड्या रिकाम्या घरांच्या रांगा, उरले होते, एक दोन घरांचा, एक तीन घरांचा. दोन्हींच्या तोंडाशी मी, खेळीही माझी. मी छोट्यात शिरलो, कारण तिथलं तुझं सगळंच जाणार होतं. तू मोठ्याचं तोंड बुजवलंस आणि दोन गुण घेतलेस.

आता बघ. छोटा बोळ तू बुजवलास तर एक घर भरून एक उरतं, म्हणजे एक गुण, मी शिरलो तर उरलेलं घर कुणाचंच नाही, म्हणजे शून्य, सरासरी किंमत अर्धा. मोठा तू बुजवलास तर दोन, मी शिरलो तर मागे दोन घरांचा बोळ, म्हणजे अर्धा, किंमत सव्वा. छोट्यात एका खेळीची कमाई अर्धा गुण, मोठ्यात पाऊण! आधी मोठ्यात शिरलो असतो, तर दोन-दोन घरांचे दोन बोळ राहिले असते. एक तू बुजवला असतास, दुसऱ्यात मी शिरलो असतो. तुला एकच गुण, आणि डाव माझा, अर्ध्या गुणाने.

हा अर्धा नुसती सरासरी नाही रे. असे दोन अर्धे शेजारी ठेव, कुणीही सुरुवात करो, बरोबर एक गुण होतो. केंब्रिजमध्ये गोचे डाव बघताना गणितज्ञ जॉन कॉन्वेंच्या लक्षात आलं होतं की शेवटाला पटाचे सुटे तुकडे पडतात आणि त्यांची बेरीज करता येते. त्यातून त्यांचं खेळांचं गणित उभं राहिलं. पुढे एल्विन बर्लेकॅम्प आणि डेव्हिड वुल्फ यांनी १९९४च्या पुस्तकात प्रत्येक खेळीवर एका गुणाचा कर लावून डाव गार करायची युक्ती मांडली. कर लावला की आपले बोळ चक्क साध्या अपूर्णांकांसारखे वागतात. मला हे इतकं सुंदर वाटलं की रात्री दोनपर्यंत बटणंच हलवत बसलो.

मागच्या पानावर दोन, तीन आणि चार घरांचे बोळ काढलेत, तिन्ही काळ्याचे. या वेळी पांढरा तू, खेळी तुझी. नेमकी पहिली खेळी सापडली तर काळ्याला तीन गुण, चुकलास तर चार. उत्तर फोनवर नको, पत्रातच लिही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत