अहवालातल्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय पॅथॉलॉजिस्ट मॅडम,

पेशंटला तुमचं नाव फक्त रिपोर्टच्या तळाशी दिसतं. मूत्राशयाच्या कॅन्सरची पुढची वाट मात्र तुमच्या सहीनंतरच ठरते, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली की काम झाल्यासारखं वाटतं. ती किती खोल रुजली होती हे आम्हाला डोळ्यांनी सांगता येत नाही. अस्तरापुरती, त्याखालच्या थरात (टी१), की डिट्रुसर स्नायूत, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतल्या जाड स्नायूत (टी२), हे तुम्ही सांगता. टी१पर्यंत बहुतेकदा मूत्राशय राखून आत औषध सोडता येतं. टी२ म्हटलं की केमोथेरपी देऊन मूत्राशय काढणं, नाहीतर केमोसोबत रेडिएशन, हा विचार सुरू होतो.

‘नमुन्यात डिट्रुसर स्नायू आढळला नाही.’ ही ओळ तुम्ही कधीही गाळत नाही, याबद्दल मनापासून आभार. स्नायूच आला नसेल तर तो निरोगी आहे असं म्हणता येत नाही. टी१ वाटणारी गाठ टी२ असू शकते. या ओळीमुळे 2 ते 6 आठवड्यांत पुन्हा खरवडणी होते आणि राहिलेला रोग हाती लागतो. अस्तराखालच्या थरातही बारीक स्नायूतंतू असतात. उलटसुलट पडलेल्या तुकड्यांत ते डिट्रुसरच्या जाड जुड्यांपासून वेगळे ओळखणं फार नजरेचं काम आहे.

गाठीचा तळ वेगळ्या बाटलीत पाठवा, हा आग्रह तुमचाच. खरवडताना करंटने भाजलेल्या पेशी वाचता येत नाहीत, तुकडे गॉजवर राहिले तर सुकतात; म्हणून ते थेट 10 टक्के फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात), तेही तुकड्यांच्या किमान दहापट.

सायटोलॉजीसाठी, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीसाठी, सकाळची पहिली लघवी नको, रात्रभर साठून पेशी खराब होतात, हेही तुम्हीच फोन करून वॉर्डला समजावलंत. सायटोलॉजी नॉर्मल म्हणजे लो-ग्रेड (कमी आक्रमक) गाठ नाही असं नव्हे, हेही.

यापुढे फॉर्मवर गाठींची संख्या, आकार, सपाट लाल डाग आणि आधी दिलेलं बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध) किंवा रेडिएशन न चुकता लिहू. बीसीजीनंतरचे ग्रॅन्युलोमा (दाहामुळे जमलेले पेशींचे पुंजके) आणि रेडिएशनने बदललेल्या पेशी वाचताना ही माहिती तुमच्यासमोर असायलाच हवी.

आपले,
युरॉलॉजी विभागातले सहकारी