आयर्विनला मोजपट्टी आहे, संस्थांना का नसावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की सांगलीत घरोघरी एकच चौकशी सुरू होते, 'आयर्विनला', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी, 'पाणी किती?' ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण महापूर ओसरल्यावर आपली पतसंस्था, शाळा किंवा दवाखाना किती दिवसांत पुन्हा उभा राहील, हे सांगणारा आकडा कुणाकडेच नसतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा मी येथील एका पतसंस्थेत शाखाधिकारी होतो. लेखापरीक्षणात आम्हाला 'अ' वर्ग होता आणि आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडाही फायलीला लावलेला होता. शटर उचलले तेव्हा कर्जाच्या फायलींचा लगदा झालेला होता, बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच खोलीत खालच्या कप्प्यात भिजलेली सापडली आणि तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांचा दोन दिवस फोनच लागेना. पहिल्या सभासदाच्या हाती रक्कम पडायला सतरा दिवस लागले. तोवर घरातला चिखल उपसून आलेली माणसे स्वतःच्याच ठेवीसाठी रोज दारातून परत जात होती, आणि त्यांच्या नजरेला नजर देणे मला जमत नव्हते. अखेर खाती जुळली ती एका पिग्मी एजंटाने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेल्या वह्यांवरून. त्याचा आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि तो योग्यच होता. मात्र त्या वह्या वाहून गेल्या असत्या तर काय, हा प्रश्न त्या सभेत कुणीही विचारला नाही.

पुढे आम्ही सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, बॅकअप दुसऱ्या गावच्या शाखेत ठेवला आणि प्रत्येक महत्त्वाचे काम दोघांना शिकवले. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले, तेव्हा चौथ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. त्या वेळी पाणी थोडे कमी होते, त्यामुळे सगळे श्रेय आमचे नव्हे. म्हणूनच पुन्हा उभे राहण्याची ही क्षमता पूर येण्याआधी, रंगीत तालमीत मोजली पाहिजे. मे महिन्यात एक दिवस मुख्य रोखपालाला मुद्दाम रजा द्यावी, नेहमीचा सर्व्हर बंद ठेवावा, बॅकअपवरून शाखा चालवावी आणि पहिला व्यवहार किती तासांत झाला, कोणते काम कुणावाचून अडले, याची नोंद ठेवावी. संघटनात्मक लवचीकतेवर, म्हणजे संस्थेच्या संकटातून सावरण्याच्या क्षमतेवर, २०१७ पासून आयएसओ २२३१६ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आहे, तथापि आपल्या छोट्या संस्थांना एवढ्या दोन नोंदींपासूनही सुरुवात करता येईल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे अहवाल आता छपाईला जातील. त्यात ठेवी, कर्जे आणि लाभांशाच्या शेजारी या दोन नोंदीही छापाव्यात, आणि लेखापरीक्षकांनी त्या तपासाव्यात, अशी सहकार खात्याला व सर्व संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखाधिकारी, सांगली