ऑपरेशन मंजूर, व्यायाम नामंजूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: खांद्याच्या फिजिओथेरपीचा दावा नाकारल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. मागच्या नूतनीकरणाला जादा हप्ता भरून आम्ही तिला ओपीडी रायडर जोडून घेतला, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठीची जोड. त्या रायडरच्या पत्रकात ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून फिजिओथेरपी’ असं स्वच्छ छापलेलं आहे. तरीही माझ्या पत्नीच्या उजव्या खांद्यावरच्या फिजिओथेरपीचा 9,600 रुपयांचा दावा ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ एवढा शेरा मारून आपण परत पाठवलात. त्याच खांद्याच्या दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनला मात्र 1,35,000 रुपयांची पूर्वमंजुरी मागितली त्याच दिवशी संध्याकाळी आली होती. ते ऑपरेशन आम्ही केलेलं नाही. या दोन निर्णयांची सांगड आपण कशी घालता, हे विचारण्यासाठी हे पत्र.

आपलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मराठीत लिहितो आहे. बडोद्याच्या शाखेला हवं असेल तर गुजरातीतली प्रत देईन.

पत्नी शाळेत गणित शिकवायची. सगळी नोकरी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून आकडेमोड मांडण्यात गेली. निवृत्तीनंतर खांदा दुखायला लागला. हात बाजूने वर नेताना सुरुवातीला काही नाही, मध्ये एका टप्प्यात जीवघेणी कळ, आणि तो टप्पा पार झाला की पुन्हा बरं. फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढणं, मागे हात नेऊन वेणी घालणं, रात्री उजव्या कुशीवर झोपणं, सगळं बंद झालं. ओळखीपाळखीचे सगळे ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणत होते. (आमच्याकडे खांद्याच्या कुठल्याही दुखण्याला हेच नाव आहे.) डॉक्टरांनी तपासून इंपिंजमेंट असल्याचं सांगितलं. खांद्याच्या टोकाशी अ‍ॅक्रोमियन नावाचं हाड छपरासारखं पुढे आलेलं असतं. त्याच्याखाली हात उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) असतो आणि त्या दोघांमध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी. हात वर जाताना तिथे दाब येतो आणि सूज धरते. एमआरआयमध्ये कंडरा कुठेही फाटलेला नव्हता. हा अहवाल आपल्याकडे आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे तो कृपया पुन्हा काढून पाहावा.

पहिल्या रुग्णालयात ऑपरेशन सुचवलं गेलं. खांद्याला दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार घालायचं, सुजलेला बर्सा काढायचा आणि हाडाची खालची बाजू थोडी घासून जागा मोकळी करायची. सांगायला सोपं, ऐकायला त्याहून सोपं. आम्ही होकार द्यायच्या आतच तिथल्या विमा-खिडकीवरून आपल्याकडे कागद गेले होते आणि आपली मंजुरीही आली होती. त्या शल्यविशारदांशी माझं भांडण नाही. त्यांना जे योग्य वाटलं ते त्यांनी सांगितलं. अलकापुरीतल्या दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तोच एमआरआय पाहून आधी पद्धतशीर व्यायाम करा असं म्हटलं आणि तशी चिठ्ठी लिहून दिली. दाव्यासोबत हीच चिठ्ठी जोडली होती.

मी बँकेच्या तपासणी खात्यात नोकरी केलेला माणूस आहे. दोन जाणकार दोन गोष्टी सांगतात तेव्हा कागद मागायची सवय जात नाही. तेव्हा वाचलं ते आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही वाचलेलं असणार, तरी इथे लिहितो.

हाड कंडऱ्यावर घासतं आणि म्हणून ते तासलं पाहिजे, ही कल्पना अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1972 मध्ये मांडली. पुढे दुर्बीण आली आणि हे ऑपरेशन जगभर लाखोंच्या खांद्यांवर झालं. पण हाड तासल्यानेच बरं वाटतं का, याची खरी परीक्षा फार उशिरा झाली. ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांत 313 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचं हाड खरोखर तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात नुसता कॅमेरा घालून पाहिलं आणि बाहेर काढला, तिसऱ्यावर काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी पहिले दोन गट सारखेच निघाले. तिसऱ्यापेक्षा ते किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. हे ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली आलं. फिनलंडमध्ये दोन वर्षं पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासातही हाड तासणं आणि नुसता कॅमेरा घालणं यांत रुग्णाच्या उपयोगाचा फरक दिसला नाही. तो 2018 मध्ये ‘बीएमजे’त छापला गेला. त्याच नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने 2019 मध्ये, मार न लागता तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या अशा खांद्यावर हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

कंडरा पूर्ण फाटला असेल, पडून मार बसला असेल, तर गोष्ट वेगळी. पत्नीच्या बाबतीत यातलं काही नाही, म्हणूनच एमआरआय पुन्हा पाहायला सांगतो आहे.

आता आपल्याच पॉलिसीतलं एक कलम. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर 60 दिवसांपर्यंतचा संबंधित खर्च आपण देता आणि त्यात फिजिओथेरपी आहे. या ऑपरेशननंतर काही दिवस हात झोळीत ठेवून मग आठवडेच्या आठवडे व्यायाम करावाच लागतो, हे दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे रबरी पट्टा ताणायचा, खांद्याचं पातं मागे खेचून धरायचं, हात भिंतीवरून सरकवत न्यायचा, हा सगळा व्यायाम खांद्याला भोकं पाडून घेतल्यावर आवश्यक ठरतो आणि भोकं न पाडता केला तर अनावश्यक. सव्वा लाखाच्या वर खर्च होऊ द्या, मग हेच 9,600 रुपये आम्ही देतो, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. हिशेब कंपनीच्याही तोट्याचा आहे, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण कुणीतरी सांगायला हवं.

दावा परत आल्यावर मी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिने पडद्यावर पाहून सांगितलं, “सर, सर्जरी करवा लीजिए ना, उसका तो अप्रूवल आ चुका है, पूरा कैशलेस है.” मी तिला दोष देत नाही, तिच्यासमोर जे दिसत होतं ते तिने वाचलं. पण एका निवृत्त शिक्षिकेच्या खांद्यावर हत्यार चालवायचं की नाही याचा सल्ला फोनवरून आणि तोही विमा कंपनीकडून मिळावा, हे मला मान्य नाही. तो फोन ‘दर्जा तपासणीसाठी’ ध्वनिमुद्रित होत असल्याचं आधी सांगण्यात आलं होतं. तो जपून ठेवावा ही विनंती.

आम्ही दांडिया बाजारात राहतो, प्रो. माणिकरावांच्या आखाड्याच्या शेजारात. व्यायामाला उपचार म्हणणं या गावाला नवीन नाही. रावपुऱ्यातल्या फिजिओथेरपिस्टबाईंकडे पत्नी अजून जाते. वेणी घालता येते, डबा काढता येतो. रात्री मधूनच ठणका लागतो, तो पूर्ण गेलेला नाही. तो जाईलच असं कुणी छातीठोकपणे सांगितलेलंही नाही.

माझी मागणी मोठी नाही. 9,600 रुपयांचा दावा मंजूर करावा. तो नाकारायचाच असेल, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवावं, कारण नकार देताना पॉलिसीतलं नेमकं कलम दाखवणं विमा नियामकाच्या नियमांनी आपल्यावर बंधनकारक आहे. ‘आवश्यक नाही’ हा निष्कर्ष कोणत्या शिक्षणाच्या व्यक्तीने काढला आणि तिने चिठ्ठी व एमआरआय पाहिला होता का, तेही कळवावं. न वापरलेली पूर्वमंजुरी रद्द झाल्याची नोंद करून तिची प्रत द्यावी, म्हणजे पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘ऑपरेशन झालेलं आहे’ असा घोळ होणार नाही.

ही तक्रार मी नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवतो आहे. एका महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे शुल्क लागत नाही आणि मला आता भरपूर वेळ आहे.

आपला,
पॉलिसीधारक
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: दावा नाकारल्याचं पत्र, पूर्वमंजुरीची प्रत, अस्थिरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, एमआरआय अहवाल, फिजिओथेरपीच्या पावत्या, ओपीडी रायडरचं पत्रक (संबंधित ओळ अधोरेखित करून)